मालिकेतल्या वाड्यात आमचे घर कुठे?

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ, गाढवी नदीवर इटियाडोहचे धरण उभे आहे. १९७० साली ते पूर्ण झाले. त्याचे कालवे तालुका ओलांडून थेट गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंज-आरमोरीकडच्या धानाच्या बांध्यांपर्यंत जातात. पाणी आधी कोणाच्या बांधीत शिरते आणि कालव्याच्या शेवटच्या टोकावरचा माणूस किती दिवस वाट पाहतो, हा या मुलखातला जुना प्रश्न आहे. पण संध्याकाळचे सात वाजले की याच गावांत दुसराच एक पाट सुटतो. तो मुंबईहून येतो, घराघरात एकाच वेळी पोचतो आणि रात्री दहापर्यंत वाहत राहतो. तो पाट म्हणजे टीव्हीवरची मराठी मालिका! या पाटातून आमच्या डोक्यात काय पेरले जाते, याचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही.

चळवळीच्या दैनिकात मालिकांवर लेख कशासाठी, असे काही बांधव विचारतील. अत्याचार थांबलेले नाहीत, शिष्यवृत्त्या वेळेवर मिळत नाहीत, नोकऱ्यांचे खाजगीकरण चालले आहे, आणि तुम्ही सासू-सुनांच्या भांडणात काय शिरता? आम्ही त्यांना उलट विचारतो. आपली सभा वस्तीत वर्षातून किती वेळा होते? १४ एप्रिलला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, वर्षावासात काही दिवस आणि ६ डिसेंबरला. मालिका मात्र आठवड्यातले सहा-सहा दिवस येते, आणि काही तर सातही दिवस. आमची माय-बहीण दिवसभर रोवणी करून, पाठीचा काटा ढिला झालेला असताना भिंतीला टेकून जे पाहते, ऐकते, त्यावर हसते आणि डोळे पुसते, ते क्षुल्लक कसे म्हणावे? जे रोज घरात येते तेच मन घडवते. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढला तो याच जाणिवेतून. दुसऱ्याच्या पत्रात आपले प्रश्न आपल्या अंगाने येणार नाहीत, हे त्यांना पुरते ठाऊक होते. आज पत्राच्या जागी पडदा आला आहे, प्रश्न तोच आहे.

आम्ही मालिकांचे शत्रू नाही. आम्हीही त्या पाहतो. म्हणूनच गेल्या काही वर्षांतल्या गाजलेल्या कथानकांवर प्रेक्षक म्हणून बोलण्याचा आम्हाला हक्क आहे.

पहिली गोष्ट भाषेची. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ ही झी मराठीची मालिका २०१६ ते २०२१ चालली. तिच्यातली राधिका नागपूरकडची. नवऱ्याने फसवल्यावर रडत न बसता तिने मसाल्यांचा धंदा उभारला आणि पुढे मोठ्या कंपनीची मालकीण झाली. पूर्व विदर्भातल्या बायांना ती आपली वाटली, यात नवल नाही. मुंबई-पुण्याची प्रमाणभाषा हीच मराठी, असे मानणाऱ्या पडद्यावर नायिकेच्या तोंडी आमच्या अंगाची बोली आली, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. पण ही बोली कशासाठी आली? बहुतेक वेळा नायिका साधी-भोळी आहे आणि तिची शहरी सवत हुशार आहे, हे दाखवण्यासाठी! बोली म्हणजे भोळेपणा, बोली म्हणजे विनोद. त्या बोलीत कायदा बोलता येतो, विद्यापीठात प्रबंध मांडता येतो, सभा गाजवता येते, हे पडद्याला सुचत नाही. आमच्या झाडीबोलीत ‘ण’ नाही म्हणून हसणाऱ्यांना सांगायला हवे की, डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकाने याच बोलीसाठी आयुष्य वेचले आहे आणि या बोलीची स्वतंत्र साहित्य संमेलने भरतात. पण मालिकावाल्यांच्या नकाशात विदर्भ नागपूरलाच संपतो. वैनगंगेपलीकडे त्यांना माणसे दिसत नाहीत.

दुसरी गोष्ट ‘आई कुठे काय करते’ची. २०१९ च्या डिसेंबरात सुरू झालेली ही स्टार प्रवाहची मालिका जवळजवळ पाच वर्षे चालली आणि २०२४ च्या नोव्हेंबरात संपली. अरुंधती ही मध्यमवयीन गृहिणी. पंचवीस वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याचे दुसरीकडे प्रेमसंबंध असल्याचे तिला कळते. ती घटस्फोट देते, स्वतःच्या पायावर उभी राहते आणि पुढे आशुतोष केळकरशी पुन्हा लग्नही करते. मोठी मुले असलेली बाई पुन्हा बोहल्यावर चढते, हे महाराष्ट्राच्या घराघरात दाखवले गेले. मालिकेचे हे धाडस आम्ही नाकारत नाही. (पुढे आशुतोषच्या पात्राला मृत्यू देऊन लेखकांनी तिच्या वाट्याचे सुख काढून घेतले, तो भाग वेगळा!)

पण बायांनो, एक प्रश्न विचारा. अरुंधतीला घटस्फोटाचा हा हक्क कोणी मिळवून दिला? शास्त्रांनी? वटसावित्रीने? की ज्या वाड्यात ती पंचवीस वर्षे राबली, त्या वाड्याच्या संस्कारांनी? हिंदू कोड बिलासाठी एक माणूस देशाच्या संसदेत एकाकी लढला. ते बिल अडवले गेले तेव्हा, १९५१ च्या सप्टेंबरात, त्याने कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्याच बिलाचे तुकडे करून पुढे १९५५ चा विवाह कायदा आणि १९५६ चा वारसा कायदा आला. विवाहाच्या त्या कायद्यातूनच अरुंधतीला सन्मानाने वेगळे होता आले. पाच वर्षांच्या मालिकेत वकील आले, कोर्ट आले, सह्या झाल्या. पण एखाद्या वकिलाच्या तोंडी एवढे एक वाक्य घालायला काय हरकत होती की, बाई, हा हक्क तुला बाबासाहेबांच्या लढ्याने मिळाला आहे? फळ खायचे आणि झाड लावणाऱ्याचे नाव घ्यायचे नाही, ही रीत आमच्या ओळखीची आहे.

तिसरी गोष्ट रंगाची. २०१९ ते २०२३ या काळात ‘रंग माझा वेगळा’ चालली. काळ्या रंगाची दीपा, तिला तिच्या रंगामुळे झिडकारणारी सासू आणि वर्णभेदाविरुद्ध कथानक, असा तिचा बाज. हेतू चांगला. पण नायिका निवडली ती गोरी आणि रोज मेकअप फासून तिला काळी केली! महाराष्ट्रात सावळ्या अभिनेत्रींचा दुष्काळ पडला होता काय? ज्या मालिकेने रंगभेदावर बोलायचे, तिच्याच दारात सावळ्या मुलीला जागा मिळाली नाही. पुढे कथानक नवऱ्याच्या संशयावर येऊन थांबले. मुले आपली नाहीत, असा त्याला संशय. एका रक्ततपासणीत जो प्रश्न मिटला असता, तो वर्षानुवर्षे ताणला गेला. नवरा डॉक्टर असून ही गत! आमच्या वस्तीतल्या बायांना यावर हसू आले, आणि ते हसू अगदी बरोबर होते.

२०२४ च्या सप्टेंबरात झी मराठीवर सुरू झालेल्या ‘सावळ्याची जणू सावली’तही पुन्हा सावळी मुलगी आहे. तिचा गळा गोड, पण त्या गळ्याचा मान दुसरीला मिळतो. पडद्यामागे सावली गाते आणि लोकांसमोर तारा ओठ हलवते. टाळ्या ताराला पडतात! या कथेत लेखकांच्या नकळत आमचा सगळा इतिहास आला आहे, असे आम्हाला वाटते. राबणारे हात एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, ही या देशाची कथाच नाही काय? पण मालिका तिथपर्यंत जात नाही. सावलीचा आवाज कोणी हिरावला, याचे उत्तर ती एका दुष्ट बाईच्या लोभात शोधते. आम्ही ते समाजाच्या उतरंडीत शोधतो. रंगाचा प्रश्न हा फक्त सासूच्या आवडीनिवडीचा प्रश्न नाही. या देशात काळा रंग, कष्टाचे काम आणि खालची जात यांची गाठ लोकांच्या मनात पक्की बांधलेली आहे. मालिका रंग दाखवते, गाठ दाखवत नाही.

चौथी गोष्ट ‘पारू’ची. २०२४ च्या फेब्रुवारीत झी मराठीवर ही मालिका सुरू झाली. पारू ही श्रीमंत किर्लोस्करांच्या बंगल्यात काम करणारी गरीब पोर. जाहिरातीच्या चित्रीकरणात मालकाच्या मुलाने तिच्या गळ्यात मंगळसूत्र घातले, आणि ते नाटकातले लग्न तिने मनोमन खरे मानले! मालकिणीवर तिची देवासारखी भक्ती. आता सांगा, हे प्रेम आहे की गुलामीची गोडी? गुलामाला त्याच्या गुलामीची जाणीव करून देण्यासाठी बाबासाहेबांनी आयुष्य खर्ची घातले. इथे मात्र गुलामीलाच दागिना करून नायिकेच्या गळ्यात बांधला आहे. दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या आमच्या बहिणीला पगार, सुट्टी, आजारपणातली रजा आणि मालकाच्या तोंडून आदराचा एक शब्द हवा असतो. तिला मालकाच्या मुलाचे मंगळसूत्र नको असते. घरकामगारांच्या हक्कांसाठी महाराष्ट्रात २००८ सालीच घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. पारूच्या बंगल्यात तो कायदा कधी पोचला काय?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. या मालिकांतली आडनावे पाहा. देशमुख, केळकर, इनामदार, मेहेंदळे, किर्लोस्कर. जात उच्चारायची नाही असा मालिकांचा शिष्टाचार आहे, पण आडनाव, देवघर, गणपती, हळदीकुंकू आणि वाडा हे सगळे मिळून जात मोठ्याने सांगतातच. आम्ही विचारतो, भिंतीवर तथागत आणि बाबासाहेबांची तसबीर असलेले, साधे, बिनघोर, रोजच्या भाजी-भाकरीचे घर या मालिकांच्या मुख्य कथेत तुम्ही किती वेळा पाहिले? जिथे सून नर्स आहे, मुलगा स्पर्धा परीक्षेची तयारी करतो, आजी संध्याकाळी विहारात वंदनेला जाते आणि सासरे रेल्वेतून निवृत्त झाले आहेत, असे घर? महाराष्ट्रात अशी लाखो घरे आहेत. आमच्या घरातही सासू-सुना भांडतात हो! आमच्याही पोरी प्रेमात पडतात, आमचेही भाऊ वाटणीवरून अबोला धरतात. मग मालिकेला लागणारा मसाला आमच्याकडे कमी आहे काय?

पडदा हे करू शकत नाही, असे नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ‘मेड इन हेवन’ या हिंदी वेबमालिकेच्या दुसऱ्या पर्वात नीरज घायवान यांनी दिग्दर्शित केलेला एक भाग आला. राधिका आपटे यांनी त्यात उच्चशिक्षित दलित वधू साकारली. आपली ओळख लपवणार नाही आणि लग्नही बौद्ध पद्धतीने लावणार, असा तिचा आग्रह. पडद्यावर बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर बौद्ध विवाह लागला तेव्हा देशभरात आपल्या लोकांच्या डोळ्यांत पाणी आले. का आले? लग्न तर आपण रोजच पाहतो. पाणी यासाठी आले की आपले रोजचे जगणे पडद्याने पहिल्यांदा साधे आणि सुंदर म्हणून दाखवले. पण ती पैसे भरून पाहायची वेबमालिका. गोठणगावच्या पारावर तिचा पत्ता नाही.

काही लोक म्हणतील, बाबासाहेबांवर मालिका झाली ना! झाली. २०१९ च्या मे महिन्यात स्टार प्रवाहवर ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर – महामानवाची गौरवगाथा’ सुरू झाली आणि २०२० च्या ऑक्टोबरपर्यंत चालली. सागर देशमुख यांनी बाबासाहेब आणि शिवानी रांगोळे यांनी रमाई उभी केली. वस्त्यावस्त्यांत लोक एकत्र बसून ती पाहत. २०२० साली सोनी मराठीवर ‘सावित्रीजोती’ आली. तिच्या पाठीशी प्रा. हरी नरके यांच्यासारख्या अभ्यासकाचा आधार होता. पण प्रेक्षकसंख्येचे कारण होऊन ती वर्षभरातच आटोपली. दोन्ही मालिकांबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. तरीही एक सांगतो. महापुरुष दाखवणे आणि त्यांची लेकरे दाखवणे यांत फरक आहे. महापुरुषाला हार घालता येतो. त्याच्या लेकराला मात्र शेजारी म्हणून घरात बसवावे लागते, त्याच्या ताटातले खावे लागते, त्याच्या मुलीला सून करून घ्यावे लागते. अडचण तिथे आहे!

प्रेक्षकसंख्या कशी मोजतात तेही आपल्या लोकांना कळले पाहिजे. सगळ्या देशातून निवडलेल्या पंचावन्न-अठ्ठावन्न हजार घरांत मोजणीचे यंत्र बसवलेले असते आणि त्यावरून कोट्यवधी घरांचा अंदाज बांधला जातो. त्या आकड्यांवर जाहिरात मिळते आणि जाहिरातीवर कथानक ठरते. म्हणजे आमच्या वस्तीने एखादी मालिका डोक्यावर घेतली तरी यंत्र नसलेल्या घराचे मत मोजणीत येत नाही. मतदानात एक माणूस, एक मूल्य हे तत्त्व आम्हाला संविधानाने दिले. टीव्हीच्या राज्यात ते अजून आलेले नाही.

विलायतेत काय चालते तेही पाहा. इंग्लंडमध्ये ‘कोरोनेशन स्ट्रीट’ नावाची मालिका ९ डिसेंबर १९६० पासून सुरू आहे. तिच्यात वाडा नाही, हवेली नाही. मँचेस्टरकडच्या कामगार वस्तीतली एक गल्ली, कोपऱ्यावरचा दारूचा गुत्ता, दुकान आणि शिलाईचा कारखाना, एवढेच तिचे जग. गरिबांचे रोजचे जगणेही साठ वर्षे लोकांना बांधून ठेवू शकते, याचा हा पुरावा. २०१९-२० मध्ये तिच्यात यास्मीन या पाकिस्तानी वंशाच्या प्रौढ बाईची कथा आली. नवरा तिला मारझोड न करताही हळूहळू गुलाम करतो. पैसा, फोन, मैत्रिणी, सगळ्यावर पहारा. या मानसिक छळाला तिथे २०१५ साली कायद्याने गुन्हा ठरवले होते. कायदा पुस्तकात होता, मालिकेने तो घराघरात नेला. ‘ईस्टएंडर्स’ या बीबीसीच्या मालिकेने १९९१ साली एका तरुण पात्राला एचआयव्हीची लागण झाल्याचे दाखवले आणि त्याला वर्षानुवर्षे माणूस म्हणून जगू दिले.

आमच्याकडे कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ साली झाला, २००६ च्या ऑक्टोबरात लागू झाला. त्यात संरक्षण अधिकाऱ्याची तरतूद आहे. पण मार खाणारी नायिका त्या अधिकाऱ्याकडे गेली, असे मराठी मालिकेत किती वेळा दिसते? ती देवासमोर दिवा लावते आणि पदर खोचून पुन्हा स्वयंपाकघरात जाते!

अर्थात विलायतही धुतल्या तांदळासारखी नाही. त्याच ‘कोरोनेशन स्ट्रीट’मध्ये पहिले कृष्णवर्णीय कुटुंब राहायला आले ते २०१९ साली. ५९ वर्षांनी! कृष्णवर्णीय माणसे त्या शहरांत पिढ्यान्‌पिढ्या राहत होती, बस चालवत होती, रुग्णालयात शुश्रूषा करत होती. गल्लीत मात्र त्यांना घर नव्हते. पण तिथे लोकांनी प्रश्न विचारले आणि शेवटी दार उघडावे लागले. आम्ही किती वर्षे थांबायचे?

या प्रश्नाला आमच्या मुलखात फार धार आहे. १९५४ साली बाबासाहेबांनी लोकसभेची पोटनिवडणूक लढवली ती भंडाऱ्यातून, आणि १९९९ पर्यंत गोंदिया त्याच भंडारा जिल्ह्याचा भाग होता. बाबासाहेबांना इथे हरवले गेले, हे आम्ही विसरलो नाही. याच भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबाची कत्तल झाली आणि मोठ्या वाहिन्यांना जाग यायला कित्येक आठवडे गेले. ज्यांचे जगणे पडद्यावर नसते त्यांचे मरणही पडद्यावर उशिरा येते. करमणूक आणि बातमी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे समजू नका. ज्याला रोज मालिकेत शेजारी म्हणून पाहिले, त्याच्या घरावर हल्ला झाला तर माणूस चटकन उठतो. ज्याला कधी पाहिलेच नाही, तो परका राहतो.

मग करायचे काय? टीव्ही फोडायचा? मुळीच नाही. आमच्याजवळ स्वतःचा मोठा ठेवा आहे. इटियाडोहच्या कालव्याखालच्याच देसाईगंज-वडसा या गावात झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र आहे. दिवाळीनंतर मंडई भरल्या की तिथल्या नाटक मंडळ्या गावोगाव निघतात आणि होळीपर्यंत रात्र-रात्र नाटके चालतात. तिकीट काढून, थंडीत कुडकुडत, हजारो लोक पहाटेपर्यंत बसतात. गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीच्या सेवेसाठी. तिथेही सगळे आलबेल आहे असे नाही. गल्ल्यासाठी नाटकात उथळ नाच घुसडले जातात, यावर तिथलेच जाणते कलावंत बोलत आले आहेत. पण मंच आमच्या दारात आहे, भाषा आमची आहे, नट आमचे आहेत. आपल्या लिहित्या पोरांनी या मंचासाठी आपल्या घरांची नाटके लिहावीत. आज फोनवर चित्रीकरण होते. वस्तीतली चार पोरे मिळून दहा मिनिटांचा भाग तयार करू शकतात. गोठणगावच्या बाजूला १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. बुद्धाला मानणारे दोन समाज एका धरणाच्या काठी शेजारी राहतात. यात कथा नाही काय?

मुंबई-पुण्यात या धंद्यात शिरलेल्या आपल्या लेखक-कलावंतांनाही आमचे सांगणे आहे. आडनाव लपवून संवाद लिहू नका. एखाद्या तरी मालिकेत, एखाद्या तरी घराच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर लावण्याचा आग्रह धरा. भांडा. वाहिन्यांना पत्रे लिहिण्याचे काम आम्ही करू, महिला मंडळांनी ठराव करून पाठवावेत.

आणि माय-बहिणींनो, शेवटचे तुमच्यासाठी. मालिका पाहा, खुशाल पाहा. पण नायिकेने वडाला फेऱ्या घातल्या म्हणून आपल्या दारात वड शोधू नका. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात व्रतवैकल्ये दारातून आली नाहीत, ती पडद्यातून येत आहेत. विहारात रविवारी वंदनेनंतर अर्धा तास काढा. त्या आठवड्यात मालिकेत काय झाले, ते बरोबर की चूक, आपल्या घरी असे झाले असते तर कायदा काय सांगतो, यावर बोला. पोरींना बोलू द्या, सुनांना बोलू द्या, सासवांनी ऐकावे. मालिका पाहून रडणारी बाई ज्या दिवशी मालिकेला प्रश्न विचारू लागेल, त्या दिवशी तिच्या लेखकालाही लेखणी बदलावी लागेल.

जय भीम!